पिंपातून बाटलीत: घरच्या बिअरचा आणि अनाम हातांचा इतिहास

१/ घरी केलेली बिअर केगमधून बाटलीत भरणे हे काम पाहणाऱ्याला किरकोळ वाटते. केग म्हणजे दाब सहन करणारे, बंद तोंडाचे धातूचे पिंप. थंड केलेली बाटली घ्यायची, तिच्यातील हवा कर्बवायूने बाहेर ढकलायची, नळी तळाशी टेकवून बिअर सावकाश सोडायची आणि फेस तोंडाशी आला की पत्र्याचे झाकण दाबून बसवायचे. एका बाटलीला मिनिटभर पुरते. या मिनिटात मात्र चार-पाचशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. त्यात एक धर्मगुरू आहे, एक रसायनशास्त्रज्ञ आहे, काही कायदे आहेत आणि जिची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत अशी पुष्कळ माणसे आहेत. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ प्रथम मूळ प्रश्न. बिअर पिंपात तयार होते, तर ती बाटलीत भरावीच कशाला? पारंपरिक लाकडी पिंपाला एकदा तोटी लावली की हवा आत शिरते, विरघळलेला वायू निघून जातो आणि काही दिवसांत बिअर बेचव होते. म्हणून फोडलेले पिंप लवकर संपवावे लागते आणि त्यासाठी माणसे गोळा करावी लागतात. बाटलीचा व्यवहार वेगळा. ती जपून ठेवता येते, प्रवासाला नेता येते, दूरच्या मित्राला देता येते. अट एकच: आतला वायू आतच राहिला पाहिजे. पुढचा सारा इतिहास या एका अटीभोवती फिरतो.

३/ मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘एल’ नावाचे पेय घरोघरी होत असे. मोड आणून वाळवलेले धान्य, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवायचे, तो गोड रस आंबवायचा आणि चार-सहा दिवसांत संपवायचा. कारण त्यात हॉप्स नसत आणि ते लवकर आंबट होई. पाव भाजणे, लोणी काढणे यांप्रमाणे हेही मुख्यतः स्त्रियांचे काम होते. घरची गरज भागून उरलेले एल त्या शेजाऱ्यांना विकत. दाराबाहेर काठी किंवा झुडुपाची जुडी टांगली की आत ताजे एल तयार आहे, हे गावाला कळे.

४/ हे आपल्याला ठाऊक कसे झाले? तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये पाव आणि एल यांच्या दर्जाविषयी व किमतीविषयी नियम झाले. गावोगावच्या जमीनदारी न्यायालयांनी त्यांनुसार दंड वसूल केले आणि दंडांच्या नोंदवह्या राखल्या. जूडिथ बेनेट या इतिहासकर्त्रीने नॉर्थहॅम्प्टनशरमधील ब्रिगस्टॉकसारख्या गावांच्या अशा नोंदी तपासल्या आणि १९९६ साली मद्य करणाऱ्या इंग्रज स्त्रियांचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला. या स्त्रियांनी स्वतःविषयी काही लिहिले नव्हते. त्यांना दंड झाला, म्हणूनच त्या आज दिसतात. दंडाच्या वहीत नाव आणि रक्कम असते. हातातले कसब नसते.

५/ एक ठळक अपवाद म्हणजे मार्जरी केम्प. नॉरफोकमधील लिन या बंदरगावची ही स्त्री १३७३ च्या सुमारास जन्मली. तिने तीन-चार वर्षे मोठ्या प्रमाणावर एल करण्याचा धंदा केला. पुढे अशी वेळ आली, की आंबणाऱ्या रसावर आलेला फेस अचानक बसू लागला, माल वाया गेला, नोकरमाणसे सोडून गेली आणि पैसा बुडाला. तिने याचा अर्थ ईश्वरी शिक्षा असा लावला. यीस्ट हा सजीव आहे हे कळायला तेव्हा आणखी चार शतके अवकाश होता. उतारवयात तिने आपले आयुष्य दुसऱ्याकरवी लिहवून घेतले. त्या ग्रंथाचे हस्तलिखित १९३४ साली सापडले आणि मध्ययुगातील एक बुडालेला घरगुती धंदा धंदा करणारीच्याच शब्दांत वाचता आला.

६/ चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून नेदरलँड्सच्या बाजूने हॉप्स घातलेली बिअर इंग्लंडमध्ये येऊ लागली. हॉप्सच्या कडवटपणाबरोबर टिकाऊपणाही आला. जे टिकते ते साठवता येते, दूर पाठवता येते आणि त्यात भांडवल गुंतवता येते. मोठी भांडी, जास्त जळण आणि उधारीवर मिळणारे धान्य लागू लागले. विधवा आणि अविवाहित स्त्रियांना अशी पत मिळणे कठीण होते. व्यापारी संघांची सूत्रेही पुरुषांच्या हाती होती. १६०० पर्यंत शहरांतील बिअरचा धंदा बव्हंशी पुरुषांचा झाला होता. पेयाचे आयुष्य वाढले आणि ते करणारीचे स्थान घटले.

७/ घरात मात्र ते काम तिच्याकडेच राहिले. सोळाव्या शतकातील विल्यम हॅरिसन हा एसेक्समधील रॅडविंटर गावाचा पाद्री. इंग्लंडचे वर्णन करताना त्याने आपली पत्नी आणि तिच्या दासी महिन्यातून एकदा बिअर कशी करतात, याचा तपशीलवार हिशेब दिला आहे. एका खेपेला सुमारे २०० गॅलन बिअर निघे. धान्य किती, हॉप्स किती, जळणाला खर्च किती, हे सारे त्याने नोंदवले. लेखणी त्याची होती आणि हात तिचे होते. घरच्या बिअरविषयी जे जे जुने लेखन आढळते, त्यातील बऱ्याचशा लेखनाची घडण अशीच आहे.

८/ आता बाटलीकडे वळू. बाटलीतल्या बिअरचा ‘शोध’ लावण्याचे श्रेय दंतकथेने अलेक्झांडर नॉवेल या धर्मगुरूला दिले आहे. हा पुढे १५६० पासून लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा डीन होता. मेरी राणीच्या कारकिर्दीत तो मासे धरायला गेला असता आपल्याला अटक होणार असल्याची वार्ता त्याला लागली आणि तो देश सोडून पळाला. नदीकाठच्या गवतात त्याची बिअरची बाटली राहून गेली. नंतर ती सापडली, तेव्हा बूच काढताच बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि बिअर अधिकच चविष्ट निघाली, अशी ही कथा आहे.

९/ कथा रंजक आहे, पण तिचे साधन तपासावे. ती टॉमस फुलर याच्या १६६२ साली छापलेल्या ग्रंथातून आली. म्हणजे घटना आणि तिची नोंद यांत शंभर वर्षांचे अंतर आहे. शिवाय कथेतच तिचे उत्तर दडलेले आहे. नॉवेल मासेमारीला निघाला तेव्हा बाटली आधीच भरलेली होती आणि तिला बूचही लावलेले होते. म्हणजे घरात कोणाला तरी हे काम येत होते. ती बिअर कोणी केली, बाटलीत कोणी भरली, बूच इतके घट्ट कोणी बसवले? फुलरला हे प्रश्न पडले नाहीत. विसरभोळेपणाला श्रेय मिळाले. घट्ट बूच बसवणारा हात अनामिक राहिला.

१०/ हे ज्ञान घरगुती होते, याचा पुरावा छापील पुस्तकातही मिळतो. गर्व्हेज मार्कम याने इंग्रज गृहिणींसाठी लिहिलेले पुस्तक १६१५ साली प्रथम प्रसिद्ध झाले. त्यात बाटलीतल्या एलविषयी सूचना आहेत. बाटल्या गोल आणि अरुंद तोंडाच्या घ्याव्यात, बूच घट्ट लावून ते मजबूत सुतळीने बांधावे, बाटल्या गार तळघरात वाळूमध्ये कमरेइतक्या पुरून ठेवाव्यात, असा त्यांचा आशय आहे. सुतळी कशासाठी? बूच उडू नये म्हणून. वाळू कशासाठी? गारवा राहावा म्हणून. आणि शेजारची बाटली फुटली तर तिचा धक्का दुसरीला लागू नये, हाही तिचा उपयोग होताच. ज्याने किंवा जिने फुटलेल्या बाटल्या पाहिल्या आहेत, त्याच्याच अनुभवातून अशी सूचना येऊ शकते.

११/ बाटल्या फुटत, कारण लाकडाच्या आचेवर केलेली तेव्हाची काच नाजूक असे. १६१५ साली पहिल्या जेम्स राजाने काचभट्ट्यांमध्ये लाकूड जाळण्यास मनाई केली. जहाजबांधणीसाठी लागणारी जंगले राखणे, हा त्यामागचा हेतू होता. भट्ट्या दगडी कोळशावर आल्या, उष्णता वाढली आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जाड, गडद रंगाच्या, मजबूत इंग्रजी बाटल्या तयार होऊ लागल्या. आरमाराच्या काळजीतून निघालेल्या आज्ञेने घरच्या तळघरातील बाटली भक्कम केली. इतिहासातील कार्यकारणभाव अनेकदा असा आडवळणाने चालतो.

१२/ फुलरचा ग्रंथ छापला गेला त्याच वर्षी, डिसेंबर १६६२ मध्ये, क्रिस्टोफर मेरेट या वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. वाईनचा व्यापार करणारे आणि पिंपे सांभाळणारे कारागीर तिच्यात साखर आणि काकवी घालून तिला फसफसती करतात, असे त्याने नोंदवले. येथेही तोच क्रम दिसतो: कारागिरांचा प्रघात आधी, विद्वानाचा निबंध नंतर. आजही घरी बिअर करणारे बाटलीत लिटरमागे साधारण ६ ते ७ ग्रॅम साखर घालतात. उरलेले यीस्ट ती खाते आणि बंद बाटलीत कर्बवायू तयार करते.

१३/ त्या वायूचे बळ किती असते? खोलीच्या तापमानाला नेहमीच्या फसफसत्या बिअरच्या बाटलीत मोटारीच्या टायरइतका दाब सहज असतो. साखर थोडी जास्त पडली किंवा आंबण्याची क्रिया पुरी होण्याआधीच बाटली बंद केली, तर दाब वाढत जातो आणि बाटली फुटते. द्रव जितका थंड, तितका वायू त्यात अधिक विरघळतो आणि शांत राहतो. ठरावीक तापमानाला द्रवात किती वायू विरघळेल, हे त्यावरील दाबाच्या प्रमाणात ठरते, हा नियम मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने १८०३ साली मांडला. गार तळघराचे महत्त्व मार्कमच्या वाचक गृहिणींना त्याआधी दोन शतके माहीत होते.

१४/ या वायूची शास्त्रीय ओळखही बिअरच्या हौदाशीच पक्की झाली. १७६७ साली जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक लीड्समध्ये राहायला गेला. त्याच्या शेजारी बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या रसाच्या हौदांवर जड वायूचा थर साचलेला असतो, जळती काडी त्यात विझते, हे त्याने पाहिले. त्या थरात पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहिल्यास ते चुरचुरीत होते, हेही त्याच्या ध्यानात आले. १७७२ साली त्याने पाण्यात हा वायू मिसळण्याची कृती प्रसिद्ध केली. पुढे योहान याकोब श्वेपने जिनीव्हात १७८३ च्या सुमारास त्याचा धंदा उभारला. सोडावॉटर ही अशा रीतीने बिअरच्या शेजारघरी जन्मलेली वस्तू आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

१५/ सोड्याची एक शाखा महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. हायरम कॉड या इंग्रजाने १८७० च्या दशकात काचेची गोटी असलेली बाटली आणली. ती उलटी धरून भरतात. सुलटी करण्याआधीच आतील वायूच्या दाबाने गोटी तोंडातील रबरी कड्यावर घट्ट बसते. बुचाची गरजच उरत नाही. तोच आपला गोटी सोडा. वायूला कोंडण्यासाठी वायूचाच दाब वापरण्याची ही कल्पना फार सोपी आणि फार चतुर आहे. गोटी आत ढकलताना होणारा आवाज जत्रेत ऐकलेल्या वाचकांना नॉवेलच्या बाटलीच्या ‘बारा’ची कल्पना सहज करता येईल.

१६/ एकोणिसाव्या शतकात बाटलीतली पेये कारखान्यांत गेली. बाटल्या भरणे, धुणे आणि लेबले लावणे या कामांवर स्त्रिया आणि तरुण मुले मोठ्या संख्येने आली. वायुयुक्त पेये भरताना बाटल्या फुटत, काचा डोळ्यांत आणि हातांत जात. अखेर १८९० च्या दशकात ब्रिटनमध्ये असा व्यवसाय धोकादायक ठरवून कामगारांना चेहऱ्यावर जाळी किंवा मुखवटा आणि हातांना लांब मोजे देण्याचे नियम झाले. मध्ययुगात या हातांची नोंद दंडाच्या वहीत होती. आता ती अपघाताच्या अहवालात आली. दोन्हीकडे कसब मात्र गैरहजरच राहिले.

१७/ याच काळात यीस्टचे रहस्य उलगडले. लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सनने यीस्टचा शुद्ध वाण वेगळा केला. मार्जरी केम्पच्या बसलेल्या फेसाचे कारण शोधण्याची वाट आता मोकळी झाली. पुढे गाळण्या आल्या आणि बिअर काचेसारखी नितळ झाली. त्यातून एक नवी अडचण उभी राहिली. गाळलेल्या बिअरमध्ये यीस्ट उरत नाही, म्हणून ती बाटलीत स्वतःचा वायू तयार करू शकत नाही. मोठ्या टाकीतील वायू जसाच्या तसा बाटलीत उतरवावा लागतो.

१८/ टाकीत दाब आणि बाटली मोकळी, अशा स्थितीत नळ सोडला तर बिअर फेस होऊन उसळते, वायू उडून जातो. यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन यंत्रकारांनी तोडगा काढला. आधी रिकामी बाटली यंत्राला घट्ट जोडायची आणि तिच्यात टाकीइतकाच दाब भरायचा. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की बिअर केवळ उंचीच्या फरकाने शांतपणे खाली उतरते आणि बाटलीतला वायू वर परततो. याला समदाब भरण म्हणता येईल. पुढे १८९२ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने २४ दात्यांचे पत्र्याचे झाकण पेटंट केले आणि सुतळीने बांधलेल्या बुचाचे युग मावळले.

१९/ यंत्रे कारखान्यात गेली आणि घरच्या बिअरवर सरकारची नजर आली. ब्रिटनमध्ये १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरील कर काढून बिअरवर कर बसवला. स्वतःच्या घरापुरती बिअर करण्यासाठीही परवाना घेण्याची पद्धत आली, ती १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंगने रद्द करेपर्यंत टिकली. करवसुलीला मोठे कारखाने सोयीचे असतात, कारण त्यांची पिंपे मोजता येतात. हजारो स्वयंपाकघरांतील हंडे मोजणे कोणत्याही सरकारला जड जाते. घरगुती मद्याविषयीचे बरेच कायदे समजून घेताना नीतीच्या भाषेइतकेच या मोजणीकडेही पाहावे लागते.

२०/ त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला काय घडत होते? ग्लॅडस्टनच्या कायद्याआधी दोनच वर्षे, १८७८ साली, मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. मोहाची दारू, ताडी-माडी हे सारे परवान्याच्या आणि मक्तेदारीच्या चौकटीत आले. १८९२ च्या मोहविषयक कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले साठवण्यावरही निर्बंध आले. मुंबई बंदरात इंग्रजी बिअर उतरत होती आणि इंग्लंडमधील घरमालक परवाना काढून स्वतःची बिअर करू शकत होता. ठाण्याच्या जंगलातील आदिवासी कुटुंबाला दारच्या झाडाची फुले घरात ठेवणे मात्र अवघड झाले. कोणाच्या घरावर विश्वास ठेवायचा, हे कायदा ठरवत असतो.

२१/ अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून राष्ट्रीय दारूबंदी लागू झाली. घरी फळांचा रस आणि सायडर करण्यास कायद्यात जी सवलत होती, तिच्या आडून घरची वाईन टिकली. बिअरला अशी पळवाट नव्हती. तरीही पाव-बिस्किटांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या माल्टच्या पाकाचे डबे घरोघरी गेले आणि त्यांच्याबरोबर पत्र्याची झाकणे दाबण्याची हातयंत्रेही. तळघरांत रात्री-अपरात्री बाटल्या फुटत. आंबणे पुरे झाले की नाही, हे तपासण्याचे पिढीजात कसब तुटले होते, त्याचा तो आवाज होता. १९३३ मध्ये बंदी उठली. घरची वाईन कायदेशीर ठरली. घरची बिअर मात्र राहून गेली.

२२/ ही उणीव भरून निघायला पंचेचाळीस वर्षे लागली. सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या पुढाकाराने आलेल्या दुरुस्तीसह एका विधेयकावर १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली. १ फेब्रुवारी १९७९ पासून प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर स्वतःच्या वापरासाठी करमुक्त करता येऊ लागली. अंतिम अधिकार राज्यांकडे होता; अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी संमती दिली ती थेट २०१३ साली. १९७८ मध्येच कोलोरॅडोतील बोल्डर येथे चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅट्झन यांनी घरगुती बिअरकारांची संघटना स्थापन केली होती.

२३/ आता सोडावॉटर परत येते. शीतपेयांच्या कंपन्या पेये आणि त्यांचे पाक उपाहारगृहांना पाठवण्यासाठी पोलादी, उभट, सुमारे १९ लिटरची पिंपे वापरत. पुढे पाक खोक्यातील पिशव्यांतून जाऊ लागला आणि ही पिंपे मोठ्या संख्येने निकामी ठरली. हौशी बिअरकारांनी ती भंगाराच्या भावात उचलली. सोड्याच्या वासाने माखलेली रबरी कडी बदलली, पिंपे घासून घेतली आणि त्यांत बिअर भरली. लीड्समध्ये बिअरच्या हौदावरून सोड्याने वायू उसना घेतला होता. दोनशे वर्षांनी सोड्याने आपले पिंप बिअरला दिले, असे म्हणायला हरकत नाही.

२४/ केग आल्यावर साखर मोजणे आणि आठवडे मोजणे संपले. वायू थेट नळकांड्यातून देता येतो. तरीही बाटली सुटली नाही. १९ लिटरचे पिंप मित्राच्या घरी नेता येत नाही, स्पर्धेला पाठवता येत नाही. तेव्हा कारखान्याचीच जुनी अडचण घरात आली: दाबाखालची बिअर मोकळ्या बाटलीत शांतपणे उतरवायची कशी? काहींनी समदाब भरणाची छोटी यंत्रे घेतली. अनेकांनी साध्या तोटीला एक लांब नळी जोडली आणि तिच्यावर बाटलीच्या तोंडात बसेल असे रबरी बूच चढवले. बाटली भरता भरता आत दाब वाढतो, प्रवाह थांबतो. बूच किंचित ढिले केले की तो पुन्हा सुरू होतो. जर्मन यंत्राचे तत्त्व चार वस्तूंच्या जुगाडात उतरले.

२५/ यातील प्रत्येक सवयीला कारण आहे. बाटली आणि केग दोन्ही बर्फगार ठेवतात, कारण थंड द्रवात वायू अधिक विरघळतो आणि शांत राहतो. केगमधील दाब कमी करतात, म्हणजे धार मंद राहते. बाटलीतील हवा आधी कर्बवायूने काढून टाकतात, कारण प्राणवायूने बिअर काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी लागू लागते. शेवटी झाकण फेसावरच बसवतात, म्हणजे तोंडाशी हवेला जागाच उरत नाही. यातील बरेच बारकावे एकाने दुसऱ्याला सांगून, चुकून आणि सुधारून पक्के झाले आहेत. मार्कमच्या काळातील वाळू आणि सुतळी यांचाच हा वारसा आहे.

२६/ महाराष्ट्रातील वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार, ज्याला आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, परवान्याविना मद्य तयार करणे येथे गुन्हा आहे. त्यामुळे वरील वर्णन कृती म्हणून वाचू नये, इतिहास म्हणून वाचावे. परंतु हा कायदादेखील १८७८ पासून चालत आलेल्या परंपरेत उभा आहे, हे ज्याला कळले त्याला आजच्या नियमांच्या मागची जुनी चौकटही दिसू लागेल.

२७/ या इतिहासातील ठळक नावे पुन्हा पाहावीत: नॉवेल, मेरेट, प्रीस्टली, पाश्चर, पेंटर. कोणी धर्मगुरू म्हणून, कोणी निबंध वाचला म्हणून, कोणी पेटंट घेतले म्हणून स्मरणात राहिले. त्यांचे कर्तृत्व खरेच आहे. पण बूच सुतळीने बांधणारी गृहिणी, पिंपात साखर घालणारा कारागीर, फुटणाऱ्या बाटल्यांसमोर उभी राहणारी कामगार मुलगी आणि मोहाची फुले वाळवणारे कुटुंब यांच्याशिवाय त्या नावांना टेकायला जमीनच नाही. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीला दादरा प्रथम कोणी बांधला, हे कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. तरी ते कोणीतरी केले आहे आणि कोणाकडून तरी कोणीतरी शिकले आहे.

२८/ म्हणून इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी कोणत्याही ‘पहिल्या’ शोधाची कथा ऐकली की तीन प्रश्न विचारावेत. ही नोंद कोणी केली? कशासाठी केली: दंडासाठी, करासाठी, की कीर्तीसाठी? आणि त्या नोंदीआधी हे काम कोणाच्या घरात चालत होते? या प्रश्नांची उत्तरे दर वेळी मिळतील असे नाही. परंतु मार्जरी केम्पचे हस्तलिखित पाचशे वर्षे पडून राहून सापडले, दंडाच्या वह्यांतून ब्रिगस्टॉकच्या स्त्रिया पुन्हा उभ्या राहिल्या. त्या शोधणाऱ्याने हे प्रश्न विचारले म्हणूनच. आपल्या घरातील वह्या, पाककृतींचे कागद, हिशेबाच्या चिठ्ठ्या रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा वाचाव्यात. धागा समाप्त.